पानी मागनारी नर्सबाई

वार पडत नव्हती. लेकरू झालं होतं, रडलं होतं, सुईनमायनं त्याले फडक्यात गुंडाळून सुपात ठेवलं होतं, पोरगा झाला म्हनून बाहेर थाळी सुदिक वाजली होती, पन लेकरामागची वार पडत नव्हती आन रक्त थांबत नव्हतं. बाजीच्या सुतळीतून खाली गळू राह्यलं होतं, मले आवाज ऐकू ये, वाटे कोन्या माठाले चीर गेली. सुईनमाय म्हने, "ओकारी काढ, ओकारी काढ वं, ओकारीसंग पडते," आन माझीच वेनी माझ्या तोंडात कोंबे. केस घशात गेले, ओकारी आली, वार नाही आली. भर दुपार होती. दाराच्या फटीतून उनाची पट्टी आत आली होती आन त्या पट्टीत मले बाहेर उभ्या बाईचे पाय दिसू राह्यले होते. रबरी चपला धुळीनं भरलेल्या, वर पांढऱ्या लुगड्याचा काठ.

नर्सबाई आली होती. उंबऱ्याच्या बाहेर उभी होती.

"आत्याबाई, तिले आत येऊ द्या नं," माझी जाऊ गोदा रडत रडत म्हने.

"तिथूनच सांगू दे काय सांगाचं ते," माझी सासू दारात आडवी. "ओली बाळंतीन आहे, लेकराची नाळ अजून ओली आहे. बाट लागन, इटाळ होईन."

आन बाहेरून काहीच नाही. ते पाय हालतच नव्हते. मी मरू राह्यली होती आन ती नुसती उभी होती. मले तवा तिचा इतका राग आला, इतका राग, का कळांपेक्षा तोच जास्त आठवते.

आता राग नाही. मी चौथीपर्यंत शिकली, मले लिहाची सवय नाही, एक सुरू केलं का दुसरंच मधी येते. पन मले आता दुसऱ्यांदा दिवस आहेत, जीव थाऱ्यावर नाही, आन तिच्या जागी गावात अजून कोनी आलं नाही. म्हनून सारखी तीच डोळ्यापुढं येते. ती कशी होती ते आधी सांगते, मंग ते पाय काऊन हालत नव्हते ते समजन.

आमचं गाव जानेफळच्या अलीकडं. आमी माळी, वांगे, मिरच्या, सांभार म्हंजे कोथमीर, असं पिकवाचं आन जानेफळच्या बाजारात नेऊन इकाचं. नवं राज्य झालं म्हनून शाळेत पोरायले गूळ-खोबरं वाटलं होतं, त्याच्या पुढच्या सालात ती आमच्याकडं आली. नाव कौसल्याबाई. गावची नाही, तिकडची संग्रामपुराकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. उंच, काटक, एक दात किडलेला, हासली का हात आडवा धरे. उन्हाळा असो हिवाळा असो, हातात छत्री. छत्री कधी उघडलेली मी पाह्यली नाही. कुत्र्यासाठी आहे म्हने. नवऱ्याचं कोनी इचारलं तर म्हने, "आहे नं बाई. लय दूर आहे, म्हनून तर टिकला."

ती बौद्धाची होती. तवा आमच्या गावात तो शब्द कोनाच्या तोंडी नव्हता, जुनाच शब्द होता, तो मी लिहत नाही.

तर ती घरात येत नसे. सरकारनं तिले सांगितलं होतं का घराघरात जाय, कोन आजारी, कोन गरवार, लेकरं किती, काय खातात, सारं पाह्य. आन गावानं तिले सांगितलं होतं का ओट्याच्या वर चढू नको. मंग पाहाचं कसं? तिनं आपली एक रीत काढली होती. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसे, छत्री मांडीवर आडवी, आन पिशवीतून आपला तांब्या काढे, तिचा सोताचा, आन म्हने, "माय, पानी पाजता काय?"

बस. हीच तिची तपासनी.

पानी कोन घेऊन येते ते ती पाहे. सून आली का पोरगी आली का म्हातारी सोता उठली. येनारीच्या चालीकडं पाहे, दम लागते का. वरून तांब्यात पानी ओततानी हात तिच्या डोळ्याच्या जवळ येत, मंग नखं पाहे, बोटाच्या बेचक्यात खरूज आहे का ते पाहे, बांगड्या कोपराकडं घसरतात का ते पाहे. पानी किती वेळानं आलं त्याच्यावरून समजे का घरात रांजन भरलेला आहे का खडखडाट. तांब्या उन्हात धरे, आत डोकावे. तिले हात लागू नये म्हनून आमी वरून पानी ओतो आन त्याच टाइमाले ती आमचं सारं घर वाचून घे. कोनाले समजत नसे. मले सुदिक लय मागून समजलं.

एका घरी जास्त बडाई मारनारा मानूस होता, आमचं घर असं आन आमचं घर तसं. ती म्हने, "दादा, तोंड नका दाखवू, मोरी दाखवा."

आमच्या घरी पहिल्यांदा आली तवा मीच पानी घेऊन गेली. नवीन सून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. पानी ओतलं. तिनं तांब्यात पाह्यलंच नाही, माझ्या बोटाकडं पाह्यलं. मंग सासूले म्हने,

"माय, घरात पहिली भाकर कोन खाते?"

सासूले बरं वाटलं. "आमच्या घरी शिस्त आहे बाई. आधी म्हातारे, मंग मानसं, मंग लेकरं."

"वा. आन शेवटची?"

"शेवटची काय, सुनाच नं."

"शेवटच्या भाकरीसंग काय उरते?"

मी पदराआडून हासली. आमच्या घरी भाजीच्या टोपल्या भरून बाजारात जात आन आमी दोघी जावा मिरचीच्या ठेच्यासंग भाकर खावो. भाजी इकाची वस्तू होती, खायची नव्हती, असंच होतं ते, त्याच्यात कोनाले वंगाळ वाटत नव्हतं.

दुसरी कोनी असती तर सासूले बोलली असती. ती नाही बोलली. छत्री उचलली, जाता जाता म्हने, "सुनेले दिवस राह्यले का सांगजा. माळ्याचं लेकरू पोटातूनच पालाभाजी मांगते. नाही भेटली का रुसून बसते, मंग बाहेर येताना तरास देते."

"असं असते काय?" सासू म्हने.

"माळ्यायचं असंच असते. दुसऱ्यायचं मले माहीत नाही."

मले दिवस राह्यले तसं सासू रोज अंबाडी नाही तर मेथी माझ्या ताटात वाढे. वाढे आन म्हने, "खाय वं, नाही तर रुसन ते." गोदालेही भेटू लागली, कारन एकीले वाढून दुसरीले कसं टाळाचं. गोदाची पोरगी चंद्री, तवा नुकतीच बोलू लागली होती, तीही आमच्या ताटात हात घाले. नर्सबाईले चंद्रीचा लय लळा. लांबूनच. चंद्री ओट्याच्या काठावर येऊन उभी राहे आन म्हने, "छत्ली उघल." नर्सबाई म्हने, "उघडली तर आतला वाघ बाहेर येईन." चंद्री किंचाळून आत पळे आन घडीभरानं पुन्हा येऊन म्हने, "छत्ली उघल."

मंग ते नारूचं झालं. माझ्या भासऱ्याच्या, गोदाच्या नवऱ्याच्या, पायातून नारू निंघाला होता. पांढऱ्या दोऱ्यासारखा, काडीले गुंडाळून रोज जराक जराक ओढाचा, तुटला का पाय सुजून मरन. भासरे बाजीवर, वावरात मानूस कमी. नर्सबाईनं खालूनच पाह्यलं आन इचारलं, "पानी कुठून आनता?"

"बारवेतून. पायऱ्या आहेत, देवाची बारव आहे," सासू म्हने.

"पायऱ्या उतरून पान्यात पाय बुडवून घागर भरता?"

"मंग काय वरून फुकून भरता येते?"

नर्सबाईनं तांब्या उन्हात धरला. "माय, इकडं ये. पाह्य. हालते काय बारीक बारीक?"

सासू दोन पायऱ्या उतरली, लांबूनच मान लांब केली, पाह्यलं, आन एकदम मागं सरली. "देवाच्या बारवेत किडे? तुह्याच तांब्यात असतीन."

मले वाटलं आता ही भांडन. मी असती तर भांडली असती. ती हासली, तोंडापुढं हात धरला आन म्हने, "असतीन माय. माझ्या तांब्याचा काय भरोसा. पन मंग माझ्यापुरतं तरी फडक्यातून गाळून देत जा. लुगड्याचा दुहेरी पदर लाव घागरीवर."

सासू दुसऱ्या खेपेले खरंच गाळून घेऊन आली. गाळलेलं फडकं तिनं सोता उन्हात धरून पाह्यलं, कोनाले न दाखवता, मी पाह्यलं चोरून. त्या दिवसापासून रांजनातलं सारंच पानी गाळू लागली. आन गल्लीत सांगे, "ते दवाखान्याची बाई ये, तिच्यासाठी गाळा लागते बापा, तिचे नखरे लय." गल्लीतल्या बाया हासत. पन त्याही गाळू लागल्या.

माझे दिवस भरत आले तवा एकदा ओट्यावर मी एकटीच होती. सारे वावरात. मी इचारलं, "बाई, आत्ता कोनी नाही. आत या नं. घर तर पाहा."

तिनं मान हालवली. मी म्हनलं, काऊन? मंग तिनं सांगितलं. तिची पहिली नोकरी तिकडं सातपुड्याच्या बाजूले एका गावात होती. एका घरात लेकरू तापानं फनफनू राह्यलं होतं. मानसं नको म्हनत होते, ही घुसली. लेकराच्या अंगावर ओलं फडकं ठेवलं, औषद पाजलं, लेकरू वाचलं. तिले वाटलं आपन जिंकलो. घर गोमूत्रानं धुतलं त्याइनं, हिले हासू आलं. पन दुसऱ्या दिवसापासून त्या गावात तिच्यासाठी एक दार उघडलं नाही. मंग देवी आल्या गावात. देवीडाक्टर टोचाले आला, लेकरं दाखवनारं कोनी नाही. सारे आत दडवलेले.

"एक वाचलं," ती म्हने, "आन त्याच्या बदल्यात जे गेले त्याइची तोंडं मी वळखत होती. साऱ्यायची. प्रत्येकाच्या घरचं पानी मी पेली होती."

मी तिच्या रिकाम्या तांब्यात पानी ओतलं.

"म्हनून बाई, मले कोनी आतून बलावलं, घरातल्या बाईनं, तरच. नाही तर मी बाहेर राहीन. मी बाहेर राह्यली तर सारे लेकरं माझे आहेत. आत गेली तर एक."

तर ते पाय म्हनून हालत नव्हते.

आता त्या दुपारचं. मी बाजीवर, डोळ्यापुढं अंधारी. नवरा तिले गावाच्या दुसऱ्या टोकावरून पळत घेऊन आला होता आन आंगनात डोकं धरून बसला होता. बाहेरून तिचा आवाज आला, एकदम शांत, जसं पानी मांगते तसा.

"गोदे. ऐकू येते काय? तिच्या पोटावर हात ठेव. बेंबीच्या खाली. कडक लागते का मऊ?"

"मऊ, बाई. कनकीसारखं."

"चोळ. दाबू नको, गोल चोळ. जोरात. थांबू नको."

गोदा चोळे. रडे आन चोळे. "रक्त येऊनच राह्यलं बाई."

"लेकरू तिच्या छातीले लाव. त्यानं ओढलं का पोट आवळते. लवकर."

"नाही!" सासू वरडली. "चीक पाजत नाही आमच्यात. तीन दिवस पाजत नाही. लेकराले बाधते."

"माय," बाहेरून आवाज, "तुमच्या पाया पडते."

"मी सांगितलं नं, नाही!"

सासू वंगाळ बाई नव्हती. हे मी लिहूनच ठेवते. तिचे सोताचे कितीक लेकरं पाळन्यातच गेले होते, काही आठव्या दिवशी, काही त्याच्याही आधी. तिले समजत होतं ते इतकंच का कोनाची तरी नजर लागते, कोनाची तरी बाट लागते, आन लेकरू काळंनिळं पडते. माझ्या पोराले ती आपल्या जिवानं वाचवू राह्यली होती. दारात हात पसरून उभी होती.

मले मंग गार गार वाटू लागलं. आवाज लांबून येऊ लागले. सुईनमाय म्हने, "गेली, गेली ही."

आन गोदा उठली. माझ्या पोटावरचा हात तिनं काढला, लाल हात, आन दाराकडं वळून ती म्हने, रडनं थांबवून म्हने,

"बाई, मी बलावते. मी या घरची सून आहे. आत या."

सासू म्हने, "गोदे!"

ते पाय तवाही हालले नाही. जराक वेळ. मले तो जराक वेळ आता समजते. तवा तिच्या डोळ्यापुढं कोनकोनती दारं आली असतीन. मंग चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आन ती आत आली. सासूच्या हाताखालून वाकून आली.

मंग सारं भराभर. माझ्या मांडीत सुई टोचली. मले लघवीले बसवलं, बाजीवरच. सुपातलं लेकरू उचललं, फडकं सोडलं आन माझ्या छातीवर आडवं टाकलं. त्यानं तोंड लावलं. तिचा हात माझ्या पोटावर, गोदासारखा नाही, लोहाराच्या हातासारखा. ती माझ्याशी बोले पन नाही, पोटाशीच बोले, "आवळ बाई, आवळ, इतकी हट्टी होऊ नको." आन वार पडली. तिनं ती परातीत उलटीसुलटी करून पाह्यली, पूर्न आहे का, आन मंग भिंतीले टेकून खाली बसली. तिचं पांढरं लुगडं कमरेपर्यंत लाल होतं. सासू कोपऱ्यात तोंडात पदर घालून. लेकरू तेवढं चुटूचुटू ओढू राह्यलं होतं.

जातानी ती सासूच्या पुढं उभी राह्यली. "माय, पोरगा चांगला आहे," म्हने, "वजनदार." आन गेली.

आता पुढचं मले लिहवत नाही पन लिहते.

घर सारवलं. गोमूत्र शिंपडलं, माझ्या अंगावरही, लेकराच्याही. जातीतले चार जन आले, आमच्या घरचं पानी बंद केलं, मंग जेवन घातल्यावर सोडलं. ते होऊन गेलं. पन गल्ली बोलू लागली, आज त्याइच्या बाळंतिनीच्या खोलीत घुसली, उद्या आपल्या देवघरात घुसन. नर्सबाई ये, रोज ये, पायरीवर बसाले गेली का दार लागे. "माय, पानी पाजता काय?" "पानी नाही आज." रांजन दारातच भरलेले दिसत, आन पानी नाही. एकेका घरी इचारत ती पुऱ्या गल्लीतून जाय आन कोरडा तांब्या घेऊन परत जाय. मी बाळंतीन, मले बाहेर पडता येत नव्हतं. गोदा सांगे. एकदा ती मागच्या बाजूनं गोठ्याच्या भिंतीपलीकडं येऊन उभी राह्यली आन हळूच इचारलं, "गोदे, तिचं अंग तापते काय? दूध येते?" गोदानं सांगितलं बरी आहे. मंग म्हने, "देवीडाक्टर येनार आहे. चंद्रीले दडवू नको. तिच्या दंडावर टोचून घेजो. मले वचन दे." गोदानं दिलं.

देवीडाक्टर आला त्या दिवशी गोदा वावरात मिरच्या तोडत होती. गल्लीची दारं पटापट लागली. सासूनं चंद्रीले धान्याच्या कोठीमागं बसवलं, हातात गुळाचा खडा दिला, बाहेरून कडी घातली. गोदा आली तवा डाक्टर गेला होता. गोदा मले म्हने, पुढच्या खेपेले येईन तो.

नर्सबाईची बदली झाली. गावात कोनी दारच उघडत नाही त्या बाईले ठेवून काय कराचं, असं कोनी म्हनलं असन. दुसरबीडकडं गेली असं समजलं. जातानी आमाले भेटली नाही, भेटूही कशी. मी सव्वा महिन्यानं माहेरी गेली. माझ्या माहेरी सारे टोचून घेत होते, कोनाले त्याचं काही नव्हतं, माझ्या पोराच्याही दंडावर टोचलं. खपली धरली, पडली, गोल वन राह्यला.

आन इकडं देवी आल्या. मी नव्हती, मले गोदानंच सांगितलं, तेही तोडून तोडून. चंद्रीच्या अंगावर जागा राह्यली नव्हती. दाराले लिंबाचा पाला बांधला, घरात फोडनी नाही, कोनी डोकं इंचरत नाही, देवी घरात आहे म्हनून साऱ्यायनं हळू बोलाचं. चंद्रीले पान्याचा घोट घशाखाली जात नव्हता. सासू दारात बसे आन रस्त्याकडं पाहे. गोदाले म्हने, "काय वं, ते बाई आता येतच नाही काय?"

गोदा चंद्रीच्या ओठाले पान्याचं बोट लावत राह्यली.

चंद्री गेली. गल्लीत आनखी गेले.

मी माहेरून आली तवा गोदा माझं पोरगं मांडीवर घेऊन बसली. त्याच्या दंडावरच्या त्या वनावर बोट फिरवे. मले वाटलं आता ही मले काहीतरी म्हनन. म्हनाव असंच मले वाटे. तिच्या हातानं माझं पोट चोळलं, तिच्या तोंडानं ते "आत या" निंघालं, माझं पोरगं तिच्या मांडीवर आन तिची मांडी रिकामी. तिनं कधी काही म्हनलं नाही. आमी दोघी अजून एका ताटात जेवतो.

मंग मागच्या हिवाळ्यात जानेफळच्या बाजाराले आमी दोघी वांगे घेऊन गेलो होतो. पोरगं माझ्या कडेवर, पाय मारू राह्यलं. बसथांब्यापाशी मोटार उभी होती, दार उघडं, कंडक्टर चला चला करू राह्यला, आन पायरीवर चढता चढता एक बाई थांबली. तीच. मागं वळून पाह्यलं, पिशवी तिथीच ठेवली, उतरली. केस पिकले होते. आमच्याकडं येऊन पोराले पाह्यलं, न सांगताच त्याची बाही वर केली. वन दिसला. तिच्या डोळ्यात पानी आलं, इतकी हासली का तोंडापुढं हात धराचाही राह्यला.

"टोचलं! अवं, टोचलं याले!"

"हाव बाई, माहेरी," मी म्हनलं.

मंग ती गोदाकडं वळली. "आन चंद्रीले?"

मी गोदाकडं पाह्यलं. गोदा वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन उभी, मान ताठ. ती म्हने,

"हाव बाई. तिलेही टोचलं. तुमी सांगितलं तसं."

"कुठी आहे ते?"

"घरी. आजीपाशी. लय खोड्या करते."

कंडक्टर वरडला. नर्सबाई एकदा माझ्याकडं पाहे, एकदा गोदाकडं. मानसाच्या बोटाच्या नखावरून घर वाचनारी बाई ती, तिनं गोदाच्या तोंडावर काय वाचलं मले माहीत नाही. माझं तोंड उघडलं होतं. जिभेवर आलं होतं. "मंग मले घोर नाही," ती म्हने, हळूच, आन मोटारीत चढली. खिडकीशी जागा भेटली नाही, लोकायच्या मधी उभी राह्यली, खांद्याच्या आन डोक्याच्या मधून तिचा अर्धा चेहरा दिसे, तो आमच्याकडंच होता. मोटार निंघाली.

वाटेत मी गोदाले म्हनलं, काऊन खोटं बोलली? गोदा म्हने, "बलावलं मी. ते नव्हती येऊ राह्यली, मी बलावलं. आता अजून एक तोंड तिच्या डोळ्यापुढं कायले ठेवाचं?" आन टोपली सावरून पुढं चालू लागली.

माझे दिवस आता भरत आले आहेत. दार तेच आहे, सासू तीच आहे, आन बाहेर उभं राहाले कोनीच नाही. पडल्या पडल्या मी हेच घोकत राह्यते. त्या उंबऱ्यावर तिच्या जागी तुमी असते, आत आले असते का बाहेर राह्यले असते? गोदाच्या जागी असते तर तिले बलावलं असतं? आन त्या थांब्यावर, मोटार सुरू होती, ती हासू राह्यली होती, तुमच्या जिभेवर आलं असतं जसं माझ्या आलं. तुमी काय केलं असतं? सांगा नं कोनी.